उंच गाडीचे शनिवार

गाडी मी घेतली ती पाण्याच्या भीतीने. हौस वगैरे नंतर आली.

तेव्हा आम्ही वेलचेरीत राहायचो. नवरा तंजावरकडच्या मराठी घरातला, पण जन्मापासून चेन्नईतच वाढलेला. मी साताऱ्याची, नोकरीसाठी इकडे आलेली, शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना सगळे अम्मा म्हणत, म्हणून मीही अम्माच म्हणायचे. त्यांची मराठी जुनी आणि तमिळच्या चालीवर वरखाली होणारी. लग्न झाल्यावर सुरुवातीला त्या मला काहीतरी सांगायच्या आणि मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. मग सवय झाली. इतकी झाली की साताऱ्याला गेल्यावर मीच 'बरं, बरं'च्या जागी 'सरि, सरि' म्हणायला लागले आणि माझ्या आईने कपाळाला हात लावला.

वेलचेरीत तळमजला घेऊ नका, असं आम्हाला सगळ्यांनी बजावलं होतं. पण अम्मांचे गुडघे गेलेले आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. घेतला तळमजला. इकडचा खरा पाऊस दिवाळीच्या मागेपुढे येतो. त्या वर्षी तो आला आणि जायचं नावच घेईना. एके दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यातच. दुपारपर्यंत पाणी मांडीला लागलं. शेवटी बिल्डिंगमधल्या चौघांनी अम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि जिन्यातून वरच्या मजल्यावर नेली. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, वरून बायका वाकून बघत होत्या. अम्मांनी सगळा वेळ डोळे घट्ट मिटून घेतले होते. नऊवारी भिजून पायांना चिकटलेलं, एक चप्पल वाहून गेलेली.

वरच्या शेजाऱ्यांच्या सोफ्यावर टेकल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"चौघांनी उचलायचं ते मेल्यावर," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी एकदा झालं, तेवढं पुरे. पुन्हा मला कुणी उचलायचं नाही. काय गे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या पाण्यात आमची जुनी गाडी गेली. छोटी, बुटकी, पांढरी गाडी होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर चिखलाचा थर आणि त्यात एक बेडूक मजेत बसलेला. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावून टाकलं. तेव्हाच समजलं. मला गाडीपेक्षा अम्मांचं वाईट वाटलं, कारण त्या गाडीवर त्यांचा शनिवार चालायचा.

हा शनिवार काय होता ते सांगते. अम्मांची मोठी बहीण, अक्का, मैलापूरला एका गल्लीतल्या जुन्या घरात मुलाकडे राहायच्या. दर शनिवारी साडेदहाला आम्ही अम्मांना तिकडे नेऊन सोडायचो आणि संध्याकाळी आणायचो. अक्कांचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. फार तर काठी टेकत पुढच्या ओट्यापर्यंत यायच्या. इकडे त्या ओट्याला तिण्णै म्हणतात. कानही गेलेले, फोनवर काही ऐकू यायचं नाही. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं की मात्र सगळं समजायचं. त्यांची ती मराठी बोलणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं. त्यांची नातवंडं तमिळ बोलायची, माझा नवरा अर्धं तमिळ अर्धं इंग्रजी, आणि मी साताऱ्याची, म्हणजे त्यांच्या मते मला मराठी येतच नव्हती. दोघी बहिणी मिळून काय बोलायच्या देव जाणे, पण अम्मा परत यायच्या त्या चेहऱ्याने दहा वर्षांनी लहान होऊन. जुन्या गाडीत बसायची त्यांची एक पद्धत होती. आधी पाठमोरं सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय हातांनी उचलून आत घ्यायचे, आणि 'हं' म्हणायचं. 'हं' म्हटलं की आम्ही दार लावायचो.

तर आता गाडी घ्यायची ती उंच घ्यायची, असं मी ठरवलं. पुन्हा पाणी आलं तर त्यातून अम्मांना घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे. छोटी एसयूव्ही हे प्रकरण तेव्हा इकडे नवंच होतं. आमचे शेजारी तिला जीपच म्हणायचे. नवरा म्हणाला, एवढी कशाला? मी म्हटलं, खुर्ची विसरलास का?

माउंट रोडच्या शोरूममध्ये मला पहिला राग आला तो तिथल्या सेल्समनचा. गाडी माझी, पैसे माझे, प्रश्न मी विचारतेय, आणि हा बाबा उत्तरं माझ्या नवऱ्याला देतोय. "सार, पिकअप बघा सार. सार, हाइट बघा सार." मी विचारलं, जमिनीपासून तळ किती वर आहे? त्याने नवऱ्याला सांगितलं. शेवटी नवराच म्हणाला, अहो, मला गाडीतलं ओ की ठो समजत नाही, बाईंना सांगा. मग तो जरा वठणीवर आला. रंग मी काळा सांगितला तेव्हा मात्र दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. इकडे नवी गाडी काळी घेत नाहीत, निदान आमच्या घरात तरी नाहीत. मी म्हटलं, काळाच. मला आवडतो. चिखल उठून दिसत नाही.

गाडी मिळायचा दिवस गुरुवार ठरला, पोंगल होऊन गेल्यावरचा. अम्मांनीच पंचांग बघून दिला होता. नव्या गाडीत घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने पहिलं बसायचं, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून अम्मा नवं नऊवारी नेसून, डोक्यात मोगरा माळायचं आता बंद म्हणून मला माळून, रिक्षाने आमच्याबरोबर शोरूमला आल्या. अकराची वेळ दिली होती. पण कुठला तरी कागद आला नाही, मग सही करणारा माणूस जेवायला गेला, असं करत करत दीड वाजत आला. मग एकदाची गाडी बाहेर काढली. बॉनेटवर रिबिनीचं फूल, चार चाकांखाली चार लिंबं, कापूर, नारळ. गुरुजींनी कुंकू लावलं. सेल्समनने पुठ्ठ्याची भलीमोठी चावी माझ्या हातात दिली आणि फोटो काढला.

"अम्मा, चला," नवऱ्याने पुढचं दार उघडलं.

अम्मा पुढे गेल्या. दाराला हात लावला. सीटकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा सीटकडे पाहिलं. आणि हात मागे घेतला.

"अय्यो, राहुकालम लागलं की," त्या म्हणाल्या.

घड्याळात खरंच दीड वाजून गेला होता. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. त्यात नव्या गाडीत बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाण्यात पुन्हा उभं राहणं. मी म्हटलं, बरं, थांबू तीनपर्यंत. नाही म्हणाल्या, डोकं दुखतंय. नवऱ्याने फोन करून टॅक्सी बोलावली. जुनी, बुटकी टॅक्सी आली, अम्मा पाठमोऱ्या बसल्या, पाय आत घेतले, 'हं' म्हणाल्या आणि दोघं मायलेक निघून गेले. मी तीन वाजेपर्यंत शोरूमच्या सोफ्यावर ती पुठ्ठ्याची चावी मांडीवर घेऊन बसले. माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःच्या पैशाची गाडी, आणि बरोबर कुणी नाही! तीनला एकटीने गाडी सुरू केली, लिंबं पच्‌कन फुटली आणि मी रस्त्याला लागले.

राग मनात होता, पण खोटं कशाला बोलू, सैदापेट येईपर्यंत तो पार निवळला. किती वर बसले होते मी! जुन्या गाडीत मला समोरच्या बसचं मागचं चाक दिसायचं. आता बसमध्ये बसलेल्या बायकांच्या हातातल्या पिशव्या दिसत होत्या. शेअर ऑटोची छपरं खाली. सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी येऊन थांबला, त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा गाडीकडे. मी सरळ समोर बघत बसले, पण आतून गुदगुल्या होत होत्या.

खोडीही लगेच कळायला लागल्या. स्टिअरिंग जड. वळायला जागा फार लागते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकदा मागे घेतल्याशिवाय वळलीच नाही. स्पीडब्रेकरवर मागचा भाग असा आपटायचा की डिकीतला नारळ उसळून पुढे आला. डिकीच्या दाराला स्टेपनी लावलेली, त्यामुळे मागचं निम्मं काही दिसायचं नाही. आणि हॉर्न! एवढ्या दांडग्या गाडीला मांजराच्या पिल्लासारखा हॉर्न. चेन्नईत त्या हॉर्नला कोण विचारतं? दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला. पण ऑफिसच्या रस्त्यावर, ओएमआरवर, तेव्हा सगळीकडे खणून ठेवलेलं असायचं, त्या खड्ड्यांतून ती अशी जायची की मला वाटायचं, आणा पाणी, किती आणायचं ते आणा.

पहिला शनिवार आला. मी गाडी पुसून तयार. सव्वादहाला अम्मांच्या खोलीत गेले तर त्या गादीवरच.

"आज सूलम पूर्वेला आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी तिकडे जाऊ नये."

इकडे दर वाराला एकेका दिशेला शूल मानतात, त्या दिशेला त्या दिवशी प्रवास नको. मला हे माहीत होतं, कारण आमच्या स्वयंपाकघरात रोज पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं आणि त्यात ते छापलेलं असायचं. मी म्हटलं, अम्मा, मैलापूर आपल्या उत्तरेला आहे. त्या म्हणाल्या, थोडं पूर्वेला कललेलं आहे. मी नकाशा आणला. खरंच थोडं कललेलं होतं! पण मी काय हार मानणारी आहे? कॅलेंडरमध्येच उपायही दिलेला असतो. पूर्वेच्या शूलाला दही खाऊन निघायचं. मी वाटीभर दही आणून दिलं. अम्मांनी ते सगळं खाल्लं, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता राहुकालम संपेपर्यंत थांबू." राहुकाळ साडेदहाला संपला. तोपर्यंत त्या झोपल्या होत्या. निदान डोळे तरी मिटलेले होते.

दुसऱ्या शनिवारी त्यांच्या राशीला चंद्राष्टम, म्हणजे चंद्र आठवा, तोही वाईट. तिसऱ्या शनिवारी करिनाळ, म्हणजे कुठल्याच चांगल्या गोष्टीला चालत नाही असा दिवस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी नवऱ्याला म्हटलं, इतकी वर्षं त्या दर शनिवारी जात होत्या, तेव्हा चंद्र कुठे होता? तेव्हा पूर्व कुठे होती?

"गाडी काळी आहे," नवरा म्हणाला. "आणि नंबरची बेरीज आठ येते. अम्मांना आठ चालत नाही."

"म्हणजे मी गाडी विकू?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"मग काय म्हणालास?"

आम्ही दोन दिवस एकमेकांशी कामापुरतं बोललो. मला वाटायचं, ज्या बाईसाठी मी एवढं धूड घेतलं, तिला त्याचा रंग नडतो! मी टॅक्सी बोलावते म्हटलं तर अम्मा म्हणाल्या, दारात नवी गाडी उभी असताना टॅक्सीने गेले तर अक्काच्या घरचे काय म्हणतील? झालं. गाडीने जायचं नाही, टॅक्सीनेही जायचं नाही. मी हात टेकले.

मग अक्कांच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, अम्माला काय राग आला आहे का? अक्का दर शनिवारी दहापासून तिण्णैवर येऊन बसते. बारा वाजले तरी आत येत नाही. उन्हं अंगावर आली की आम्ही धरून आत नेतो. परवा विचारत होती, धाकटीला मी काय बोलले? फोन स्पीकरवर होता. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

आता मात्र मी कंबर कसली. कॅलेंडरची पुढची पानं चाळली. राहुकाळ टाळून, यमगंडम नावाची दुसरी वाईट वेळ टाळून, चंद्राष्टम नसलेला, करिनाळ नसलेला एक शनिवार काढला. ऑफिसातल्या एका जाणकार मैत्रिणीकडून तपासून घेतला. शूलासाठी दही आदल्या रात्रीच लावलं. गाडीचं काळेपण तर जाणार नव्हतं, पण त्यावरही उपाय काढला, पुढे लिंबू-मिरची टांगली आणि आतमध्ये छोटे पिळ्ळैयार, म्हणजे आपले गणपती, चिकटवले. शनिवारी सकाळी पावणेअकराला अम्मांपुढे दही ठेवलं आणि म्हटलं, "अम्मा, आज काहीही नाहीये. आकाशात एक ग्रह वाकडा नाहीये. चला."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. दही खाल्लं. मग उठल्या, तेच नवं नऊवारी नेसल्या आणि काठी घेऊन माझ्या मागून बाहेर आल्या.

पूर येऊन गेल्यावर आमच्या बिल्डिंगवाल्यांनी एक काम केलं होतं. पाणी पुन्हा आत शिरू नये म्हणून पुढच्या दाराबाहेर सिमेंटचा चांगला रुंद, उंच कट्टा बांधून घेतला होता. त्याला बाजूने बुटक्या पायऱ्या आणि धरायला लोखंडी कठडा. तो धरून एकेक पायरी करत अम्मा खाली उतरल्या. गाडी पलीकडे खांबाजवळ होती. मी दार उघडलं. नवरा मागे उभा.

अम्मांनी दाराची कडा धरली आणि उजवा पाय उचलला. पाय जेमतेम वीतभर वर आला आणि थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तेवढाच. मग त्या वळल्या, नेहमीसारखं पाठमोरं टेकायला गेल्या. सीट त्यांच्या कमरेच्या वर होती. त्या तशाच सीटला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाडीच्या काळ्या रंगावर त्यांचं ते पांढरं डोकं मला अजून दिसतं.

"थांब अम्मा," म्हणत नवरा पुढे झाला आणि त्याने त्यांच्या काखेत हात घातले.

"हात लावू नको!" त्या केवढ्याने तरी ओरडल्या. वॉचमन उठून उभा राहिला. नवऱ्याने चटका बसल्यासारखे हात काढले.

अम्मा तशाच मागे फिरल्या, कठडा धरून पुन्हा पायऱ्या चढल्या आणि वर कट्ट्यावर जाऊन बसल्या. दम लागला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"गाडी चांगली आहे गे," त्या म्हणाल्या. "काळी आहे ते मज आवडलंय. मलाच चढवत नाही."

"पहिल्या दिवशीच समजलं होतं तुम्हाला?"

"दार उघडलं तेव्हाच."

"मग सांगायचं नाही होय अम्मा? शूल काय, चंद्र काय! मी वेड्यासारखी दही लावत बसले!"

"कसं सांगू?" त्यांचा आवाज फुटला. "माझ्यासाठी घेतलीस ना एवढी उंच. सांगितलं असतं तर तू विकली असतीस. नाहीतर या सगळ्यांनी मला उचलून आत ठेवलं असतं. पुन्हा सामानासारखं." त्यांनी डोळे पुसले. "मी म्हटलं, गुडघा थोडा बरा झाला की जाईन. अक्का वाट बघेल थोडी. तेल लावत होते रोज. होतच नाही बरा."

मला इतकं रडू आलं आणि इतका रागही आला की कुणावर काढावा कळेना. राग आला की मला एका जागी बसवत नाही. मी उठले, दोन पायऱ्या उतरले आणि वळून पाहिलं. अम्मा कट्ट्यावर बसल्या होत्या, पाय खालच्या पायरीवर. त्यांच्यापलीकडे माझी गाडी, दार उघडं. दाराचा उंबरा आणि कट्ट्याची कडा, दोन्ही एका पातळीवर.

"ऊठ," मी नवऱ्याला म्हटलं, तो उभाच होता तरी. "त्या कुंड्या हलव."

मी गाडीत बसले, सुरू केली आणि रिव्हर्स टाकला. स्टेपनीमुळे मागचं दिसत नव्हतं. वॉचमन शिट्टी फुंकत धावला, इथे नाही, इथे नाही म्हणून. मी नव्या हॉर्नने त्याला उत्तर दिलं. नवरा कट्ट्यावर उभा राहून हात हलवत होता, "वरट्टुम, वरट्टुम, वरट्टुम, पोदुम!" म्हणजे येऊ दे, येऊ दे, बास. पहिल्यांदा फार लांब राहिली. दुसऱ्यांदा कठड्याला आरसा घासला, नव्या गाडीवर पहिला ओरखडा. त्याचं मला तेव्हा काहीही वाटलं नाही. तिसऱ्यांदा बरोबर कट्ट्याला लागली. मागच्या सीटचं दार उघडलं तर ते कट्ट्यावरून बोटभर अंतर राखून सरकलं.

अम्मा उठल्या. काठी नवऱ्याकडे दिली. आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशा त्या चालत कट्ट्यावरून गाडीत गेल्या, वळल्या, बसल्या. कुणी हात लावला नाही. नऊवारीचा घोळ आवरून घेतला आणि म्हणाल्या, "हं."

वाटेत त्या फक्त बाहेर बघत होत्या. अड्यारचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "नदी दिसते गे इथून. त्या गाडीतून नुसता कठडा दिसायचा." मी आरशातून पाहिलं. त्यांनी खिडकीची काच खाली केली होती आणि केस उडत होते.

मैलापूरच्या गल्लीत शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की उतरायचं कसं, याचा विचार आम्ही तिघांपैकी एकानेही केलेला नाही. चढवायच्या नादात उतरणं राहूनच गेलं. अक्कांच्या घरापुढे कट्टा कुठला? नुसती तिण्णै, रस्त्याला लागून. पायऱ्या पलीकडच्या टोकाला, त्याही उभ्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं.

अक्का तिण्णैवर बसलेल्या होत्या. पांढरं पातळ, काठी मांडीवर आडवी. समोर एवढी मोठी काळी गाडी येऊन थांबली तरी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे, जिकडून पांढरी गाडी यायची. मी गाडी जितकी जवळ घेता येईल तितकी घेतली आणि नवऱ्याने उतरून मागचं दार उघडलं.

अक्कांनी मान वळवली. त्यांच्या समोर, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, अम्मा बसलेल्या. दोघींचे चेहरे अगदी समोरासमोर, एका उंचीवर. अक्कांचा हात पुढे आला आणि त्यांनी अम्मांची हनुवटी धरली.

"रागावलीस?" अक्कांनी विचारलं.

"नाही गे अक्का. मज चढवत नव्हतं," अम्मा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या.

अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना सगळं समजलं. त्यांनी पहिल्यांदा गाडीकडे नीट पाहिलं, चाकापासून छपरापर्यंत. मग अम्मांकडे पाहून दात नसलेलं तोंड उघडून हसल्या. "लहानपणापासून खालच्या पायरीवर बसायचीस. आज माझ्याएवढी झालीस की."

तेवढ्यात नवऱ्याने अक्कांच्या घरातून स्टूल आणलं होतं. मी मागे वळून म्हटलं, "अम्मा, हळूहळू उतरू या का? आम्ही धरणार नाही, नुसते शेजारी उभे राहू."

"कशाला गे?" अम्मा म्हणाल्या. अक्कांचा हात त्यांच्या हातात होता. "पोचले की मी."

मागे एक ऑटो येऊन अडकला होता आणि जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होता. त्याच्यामागे दुसरा. ऑटोवाला डोकं बाहेर काढून मला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीही काच खाली करून माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला सांगितलं, दुसऱ्या गल्लीने जा बाबा, इथे तासभर लागेल. आणि गाडीचं इंजिन बंद केलं.